‘रिपोर्टमध्ये निघालं’ म्हणजे नेमकं काय निघालं?

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका शाळेची पालकसभा परवा शेंगदाण्यावरून चांगलीच तापली. शिशुवर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून डब्यात दाणे, कूट, चिक्की काहीच चालणार नाही असा नियम करा, आणि पुढच्या वर्षीपासून प्रवेशाच्या कागदपत्रांत प्रत्येक मुलाचा ॲलर्जीचा रिपोर्ट मागा, असा एका गटाचा आग्रह. दुसऱ्या गटाचं उत्तर ठरलेलं : आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दाण्याचा कूट घातलेल्या भाज्या खाऊनच आम्ही वाढलो, ही सगळी पैसेवाल्यांची थेरं. शाळेने दोघांचं ऐकून घेतलं आणि समिती नेमली. समिती नेमल्यावर पुढे काय होतं ते सांगायला नको.

दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडले, पण समजूत दोघांची एकच आहे. ॲलर्जी ही रक्ताच्या तपासणीत ‘निघते’, असं दोघांनीही धरून चाललंय. एक गट त्या कागदाला घाबरतो, दुसरा त्याची टिंगल करतो. कागद काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. माझं म्हणणं असं की मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे की नाही, हे कागद ठरवत नाही. खाल्ल्यावर काय झालं याची नीट विचारून घेतलेली हकीकत, त्या हकीकतीला धरून केलेली एखाद-दुसरी चाचणी, आणि तरीही शंका उरली तर दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून बघणं, या क्रमाने ते ठरतं. आणि एकदा ठरलं म्हणजे जन्मभराचं ठरलं असंही नाही. ते पुन्हा पुन्हा तपासायचं असतं. नाशिकच्या पालकांना भांडायचंच असेल तर अशा तपासणीच्या सोयीसाठी भांडावं. डब्यातल्या चिक्कीवरून भांडून काय हाती लागणार?

आधी हा कागद जवळून बघू. आमच्या नात्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत सतत खाज, कातडी जाड झालेली, चादरीला रक्ताचे ठिपके. कुणीतरी सुचवलं म्हणून आईबापांनी एका लॅबचं ‘फूड पॅनेल’ केलं. घरी येऊन रक्त घेऊन गेले, आठवड्यात रंगीत रिपोर्ट आला. पानंच्या पानं भरून पदार्थांची नावं, प्रत्येकापुढे लाल, पिवळी नाहीतर हिरवी पट्टी. गहू लाल, दूध लाल, शेंगदाणा लाल, तूरडाळ लाल, टोमॅटो पिवळा, अंडं पिवळं, हळदसुद्धा पिवळी. आईने यादी फ्रिजवर लावली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीची पोळी, वरण, दूध सगळं बंद. ही मुलगी आदल्या रात्रीपर्यंत निफाडच्या गव्हाची पोळी दुधात कुस्करून खात होती आणि तिला काहीही होत नव्हतं, हे लॅबने विचारलं नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून आईबापांनी सांगितलं नाही. खाज होती तशीच राहिली. वर्षभरात वजनाचा आलेख मात्र आडवा झाला. पुढे एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘यातलं काय खाल्ल्यावर, किती वेळात, काय झालं होतं?’ यादीतल्या बहुतेक सगळ्या पदार्थांचं उत्तर होतं : काही नाही. एकेक करून सगळं परत सुरू झालं. फक्त अंड्याच्या वेळी दवाखान्यात पहिल्या एक-दोन चमच्यांतच तोंडाभोवती गांधी उठल्या आणि मुलगी ओकली. म्हणजे खरी ॲलर्जी होती, ती लाल पट्टीवाल्या चौघांपैकी कुणाचीच नव्हती. ती पिवळ्या पट्टीत होती.

यात कुणी मुद्दाम फसवलं असं म्हणायची गरज नाही. चाचणीचा स्वभावच तसा आहे. झटपट होणाऱ्या ॲलर्जीमागे आयजीई नावाचं प्रतिद्रव्य (अँटीबॉडी) असतं. ते १९६६-६७ च्या सुमाराला अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी वेगवेगळं शोधून काढलं. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध हे आयजीई सापडलं, किंवा कातडीवर त्या पदार्थाचा थेंब टाकून टोचल्यावर १५-२० मिनिटांत तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध उठली, तर शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे एवढंच कळतं. खाल्ल्यावर त्रास होतो की नाही, ही निराळी गोष्ट. ब्रेसलाऊ शहरात १९२१ साली प्राउस्निट्स आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी केलेला प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. क्युस्टनरला मासे चालत नसत, प्राउस्निट्सला चालत. प्राउस्निट्सने क्युस्टनरच्या रक्तातला पातळ अंश स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे गांध उठली. मासे आरामात पचवणाऱ्या माणसाच्या कातडीवर माशाची गांध! कातडी एक बोलते आणि पोट दुसरंच, याचा याहून चांगला पुरावा कुठे शोधायचा? शंभर वर्षं झाली, तरी आपण गांधीलाच निकाल समजतो.

आणि ही निदान आयजीईची तरी गोष्ट झाली. ‘फूड इन्टॉलरन्स’ म्हणून दोन-दोनशे पदार्थांची जी पॅकेजं विकली जातात, त्यातली पुष्कळशी आयजीजी किंवा आयजीजी-४ मोजतात. हे प्रतिद्रव्य तुम्ही तो पदार्थ खाता याची खूण आहे. रोज पोळी खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाचं आयजीजी सापडलं यात नवल कसलं? युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं की अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ही चाचणी करू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांनीही पुढे तेच म्हटलं. तरी आपल्याकडे ती विकली जाते, सणासुदीच्या सवलतीत विकली जाते.

ही काही आपली पहिली ठेच नाही. टायफॉइडसाठीची विडाल चाचणी १८९६ ची. तापाच्या चौथ्या दिवशी एकदाच रक्त काढून ‘टायफॉइड निघाला’ म्हणून सलाइन लावलेली माणसं नाशिकच्या कुठल्याही गल्लीत सापडतील. पूर्वी होऊन गेलेला संसर्ग किंवा लस यांनीही ती चाचणी पॉझिटिव्ह येते, हे डॉक्टरांना पाठ असतं, पण कागदावर आकडा आला की हात थांबत नाही. क्षयरोगाचं उदाहरण तर त्याहून मोठं. रक्तातल्या प्रतिद्रव्यांवरून क्षय ‘शोधणाऱ्या’ चाचण्या देशभर चालत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये त्या वापरू नका असं बजावलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या आयातीवर, उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. म्हणजे चाचणी बाजारात आहे, महाग आहे आणि रंगीत छापून येते, एवढ्याने ती खरी ठरत नाही, हे या देशाने एकदा कायद्याने मान्य केलेलं आहे. मग मुलांच्या ताटाच्या बाबतीत आपण तेवढेही चौकस का नाही?

आता समोरच्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ. ते असं : ‘तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. ॲलर्जीने मूल मिनिटांत जाऊ शकतं. रिपोर्ट चुकला तर काय बिघडतं? शेंगदाणे नाही खाल्ले म्हणून कुणी मरत नाही.’ यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे ॲलर्जीच्या जिवावर बेतणाऱ्या झटक्यात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, आणि तिथून दवाखान्यापर्यंतचा द्वारका चौकातला सिग्नलसुद्धा महाग पडू शकतो. ज्या आईने हे एकदा पाहिलंय तिला आकडेवारी ऐकवण्यात अर्थ नाही. तिची भीती रास्त आहे आणि तिच्या मुलाला पूर्ण संरक्षण मिळालंच पाहिजे.

पण दुसरं वाक्य खोटं आहे. टाळण्याची किंमत लागते, आणि ती मुलं मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. अशा राज्यात दूध, डाळ, दाणे आणि अंडी एका कागदाच्या भरवशावर बंद करणं याला सावधगिरी म्हणायचं? त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे टाळल्याने कधी कधी ॲलर्जी तयार होते. इसब असलेल्या मुलाला जो पदार्थ पचत होता, तो केवळ चाचणीवरून बंद केला आणि पुढे कधी तरी चुकून पोटात गेला तेव्हा जोरदार प्रतिक्रिया आली, अशा नोंदी वैद्यकात आहेत. रोज खाण्याने शरीर जे सहन करायला शिकलेलं असतं, ते आपण मोडतो.

हे एकेकट्या घरात घडलं तसं अख्ख्या देशांच्या पातळीवरही घडलंय. ब्रिटनमध्ये १९९८ साली सरकारी सल्ला निघाला की ज्या घरांत ॲलर्जीचा इतिहास आहे तिथे लहान मुलांना शेंगदाणे देऊ नका. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी २००० मध्ये अशा मुलांसाठी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबा असं सांगितलं. हेतू चांगला, लोकांनी ऐकलंही. शेंगदाण्याची ॲलर्जी कमी व्हायच्या ऐवजी तिथे वाढत राहिली. मग २००८ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश तोच, पण ब्रिटनमधल्या मुलांत ही ॲलर्जी दहापट. इस्रायलमध्ये बाळं सात-आठ महिन्यांची झाली की शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात, हा एक ठळक फरक होता. त्यावरून याच गटाने ६४० बाळं घेऊन प्रयोग केला. सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्याची. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी तपासलं, तर टाळणाऱ्यांत १७.२ टक्क्यांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. हा निकाल २०१५ चा. आमच्या एकादशीच्या खिचडीतला कूट बाळाच्या तोंडाला लावणाऱ्या आजीबाई लगेच कॉलर ताठ करतील. तेवढ्यावरून आपल्याकडे ॲलर्जी कमी आहे ती कुटामुळेच, असं म्हणणं घाईचं होईल. आणि बाळाला अख्खा दाणा कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. पण ‘बंद करून ठेवलं की बिनधोक’ या समजुतीचं काय झालं, हे तरी त्या पालकसभेत कुणी तरी सांगायला हवं होतं.

प्रवेशाच्या वेळी सरसकट रिपोर्ट मागण्याची सूचना तर गणितातच बसत नाही. बंगळुरू आणि म्हैसूर भागातल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी २६.५ टक्क्यांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं. हकीकत आणि चाचणी दोन्ही जुळणारी, म्हणजे बहुधा खरी ॲलर्जी, फक्त १.२ टक्क्यांत होती. बाविसात एक. त्याच मालिकेत शाळकरी मुलांमधलं प्रमाण ०.१४ टक्के आलं, म्हणजे लाखात १४०. आता समजा, एक लाख निरोगी दिसणाऱ्या मुलांची चाचणी केली आणि ती दहातल्या एका मुलालाच चुकीने पॉझिटिव्ह ठरवते असं उदारपणे धरलं, तरी १४० खऱ्यांबरोबर जवळजवळ दहा हजार मुलं खोटी ‘निघतील’. त्या दहा हजार घरांच्या फ्रिजवर याद्या लागतील. रोग जितका विरळा, तितकी सरसकट चाचणी जास्त चुकीची माणसं पकडते. मला वाटतं, प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापनाने हे एकदा खडूने फळ्यावर मांडून बघावं.

हाच ०.१४ चा आकडा दुसरा गट झेंड्यासारखा मिरवेल हे मला माहीत आहे. ‘बघा, म्हणजे आपल्याकडे नाहीच.’ त्यांचं एक म्हणणं मी मनापासून मान्य करतो. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर नागलीची भाकरी आणि पातळ वरण मिळवण्याची लढाई चालू असताना कॉलेज रोडवर ‘ग्लूटेन-फ्री’ची चर्चा ऐकली की डोकं फिरतं. गव्हाची ॲलर्जी, सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आणि नुसतं फॅड यांत फरक न करता पोळी सोडणारी घरं मी पाहिली आहेत. सीलिॲकची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवावा लागतो, नाहीतर चाचणीच फसते. हे कळायच्या आधीच पोळी बंद झालेली असते. पण लाखात १४० म्हणजे शून्य नाही. ती मुलं आपल्याकडे नेहमीच होती, त्यांची नोंद नव्हती एवढंच. कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी, ओठ सुजलेले. घरात निदान ठरलेलं : ‘पित्त उठलंय.’ मग आमसुलाचं पाणी लावायचं, घोंगडीत गुंडाळायचं. बहुतेक वेळा गांधी आपोआप बसतात आणि श्रेय आमसुलाला जातं. ज्या वेळी बसल्या नाहीत, त्या वेळचं मूल कशाने गेलं असं घरात सांगितलं जातं? ‘आमच्या वेळी नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारून बघावा.

‘थोडं थोडं देत गेलं की सवय होते’ हे या गटाचं आवडतं वाक्य, आणि गंमत म्हणजे त्यात तथ्य आहे. आज जगात तोंडावाटे इम्युनोथेरपी करतात ती जवळपास हीच कल्पना घेऊन. शेंगदाण्याच्या अशा औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. पण तिथे सुरुवात मिलिग्रॅमच्या अंशाने होते, मोजून, आणि प्रत्येक वाढीव मात्रा दवाखान्यात बसून. स्वयंपाकघरात चमच्याच्या अंदाजाने ही सवय लावायला जाणं म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ. एकदा श्वास लागलेला असेल, घसा बसलेला असेल किंवा मूल मलूल पडलेलं असेल, तर घरी ‘देऊन बघू’ हा शब्दच काढायचा नाही.

मग खरी परीक्षा कशी होते? तिला फूड चॅलेंज म्हणतात, आणि ती बघितली तर तिच्यातलं साधेपण लक्षात येतं. मूल त्या दिवशी ठणठणीत हवं, सर्दी-दमा काही नको, ॲलर्जीची गोळी काही दिवस आधीपासून बंद. सुरू करण्याआधी मुलाचं वजन करून ॲड्रेनॅलिनची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसवरच्या मुख्य औषधाची, मात्रा लिहून ठेवतात : किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५. मग चिमूटभर पदार्थ. वीस-तीस मिनिटं थांबायचं, बघायचं. मग थोडा जास्त. असं करत वयाच्या मानाने पूर्ण खाणं झालं की त्यानंतरही साधारण दोन तास थांबवतात. नर्सचं लक्ष मॉनिटरपेक्षा मुलाकडे जास्त असतं. कान लाल होतोय का, ओठ चोळतंय का, खेळता खेळता एकाएकी गप्प होऊन आईच्या मांडीवर चढलंय का. काही झालं नाही तर पदार्थ त्याच दिवशी ताटात परत, आणि पुढे नियमित द्यायचा. काही झालं तर उपचार हाताशी, आणि आता जे ठरलं ते खात्रीने ठरलं. डेन्व्हरच्या एका रुग्णालयातल्या चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये हे काम मुलांमध्ये आणखी काटेकोर केलं. पदार्थ कॅप्सूलमध्ये भरला, कोणत्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे ना मुलाला माहीत, ना निरीक्षकाला. पालक छातीठोकपणे सांगत होते त्यातल्या कित्येक पदार्थांनी काही झालंच नाही. त्याच शहरातून २०११ मध्ये आणखी एक अहवाल आला. मुख्यतः इसब असलेली, बऱ्याच पदार्थांना मुकलेली १२५ मुलं, आणि चॅलेंजनंतर टाळलेल्या पदार्थांपैकी ८४ ते ९३ टक्के पदार्थ परत ताटात. ही निवडक मुलं होती, सगळ्यांना हा आकडा लावता येणार नाही, हे मान्य. पण अशीच निवडक मुलं तर आपल्याकडे पॅनेलच्या तावडीत सापडतात.

निदान झालं की गोष्ट संपली असं समजणं ही पुढची चूक, आणि माझ्या मते पॅनेलपेक्षा हिचं नुकसान जास्त. दुधाच्या पिशवीवरही तारीख असते. मुलाच्या ॲलर्जीवर नसते. दूध, अंडं आणि गहू यांच्या ॲलर्जीतून बहुतेक मुलं मोठी होता होता बाहेर पडतात. शेंगदाण्यातून साधारण पाचातलं एक. म्हणून लहान वयात दर सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा बघायचं असतं. या काळात चुकून काही खाल्लं गेलं का, काय झालं, गांधीचा आकार किंवा आयजीईचा आकडा उतरतोय का, दमा आटोक्यात आहे का. दमा बेफाम असेल तर अन्नाची प्रतिक्रिया जास्त घातक होते. आणि या सगळ्याबरोबर त्याच फाइलमध्ये उंची-वजन. अंडं कच्चट चालत नसलं तरी केकमध्ये भट्टीत नीट भाजलेलं पुष्कळ मुलांना चालतं, दुधाचंही तसंच, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने देत राहिलं तर खाण्यातला बराच जाच कमी होतो. दुसरीतल्या मुलाला ‘दुधाची ॲलर्जी’ म्हणून बाजूला बसवतात आणि विचारलं तर तपासणी झालेली असते ती दीड वर्षाचा असताना. त्यातलीही कित्येक प्रकरणं लॅक्टोज (दुधातली साखर) न पचण्याची असतात, ज्यात पोट बिघडतं, पण ॲनाफिलॅक्सिस होत नाही.

आता राहिली बंदी. एका मुलासाठी बाकीच्या तीस जणांनी चिक्की सोडली तर काय बिघडलं, या प्रश्नातला चांगुलपणा मला दिसतो. लहानग्यांच्या वर्गात, जिथे मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, तिथे शेजारच्या बाकापुरती काळजी घेणं योग्यच. पण शाळाभर बंदीचा भरवसा फसवा आहे. मराठी स्वयंपाकात दाणे कुठे नाहीत? भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, चिवड्यात, संकष्टीच्या खिचडीत. आईने ‘नाही घातले’ म्हटलं तरी कूट वाटलेल्या मिक्सरमध्येच चटणी फिरलेली असते. आणि उद्या दुधाची ॲलर्जी असलेलं मूल आलं तर? तिळाची? भारतातल्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे-सुकामेवा, सोयाबीन ठळक लिहावं लागतं, पण तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ आणि फोडणीतली मोहरी ज्या देशात घराघरांत आहे तिथे नाहीत, आणि युरोपच्या यादीत दोन्ही आहेत. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय. शाळांसाठी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनीही सरसकट बंदीपेक्षा शिक्षकांचं प्रशिक्षण आणि शाळेत ॲड्रेनॅलिनचा साठा यांकडे कल दाखवला.

ॲड्रेनॅलिन म्हटलं की आपल्याकडे दोन आक्षेप येतात. पहिला, पेनसारखं तयार इंजेक्शन इथे सहज मिळत नाही. खरं आहे, आणि ती लाजिरवाणी गोष्ट आहे. पण साधी एक मिलिग्रॅमची काचेची कुपी मिळते आणि स्वस्त मिळते. दुसरा, शाळेत टोचणार कोण? तर आरोग्य खात्याने लसीकरणानंतरच्या ॲनाफिलॅक्सिससाठी एएनएम ताईंना (गावपातळीवरच्या परिचारिकांना) ॲड्रेनॅलिनचं किट दिलेलं आहे आणि वयाप्रमाणे पहिला डोस मांडीत टोचण्याची मुभाही. सुरगाण्याच्या पाड्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेली सिस्टर जे करू शकते, ते गंगापूर रोडवरच्या लाखभर फी घेणाऱ्या शाळेतली नर्स का करू शकत नाही? आज शाळेच्या कपाटात असतं ते ॲलर्जीचं सिरप. ते खाजेला ठीक आहे, आवळलेल्या घशाला त्याचा उपयोग नाही. दवाखान्यातसुद्धा आधी ॲव्हिल (खाजेवरचं तसलंच औषध) आणि नंतर जमलं तर ॲड्रेनॅलिन, असा उलटा क्रम अजून दिसतो.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांकडून येईल, आणि तो सगळ्यात खरा आहे. चॅलेंजला अर्धा दिवस जातो, खाट अडते, जोखीम असते, आणि पॅनेलच्या चिठ्ठीइतका पैसा त्यात नाही. खासगी दवाखान्याने ते हौसेने करावं अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं आहे. म्हणूनच मी ही मागणी खासगी दवाखान्यांकडे करत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे, त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. यातल्या कुणालाही आठवड्यातली एक सकाळ काढता येईल : बालरोग विभागातल्या दोन खाटा, एक अनुभवी डॉक्टर, एक नर्स, ऑक्सिजन, ॲड्रेनॅलिन, आणि आईने घरून आणलेला दाण्याचा कूट नाहीतर उकडलेलं अंडं. यात यंत्र घ्यायचं नाही, इमारत बांधायची नाही, टेंडर काढायचं नाही. कदाचित म्हणूनच अजून कुणी ते सुरू केलेलं नाही. त्या शाळेच्या समितीने आपल्या अहवालात बंदीबद्दल काहीही लिहावं, पण जिल्हा शल्यचिकित्सकांना या एका सकाळीसाठी पत्र पाठवावं आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी.